छोट्या कॉलेजात पाळकीय समुपदेशन शिकताना : अर्जापासून पहिल्या नेमणुकीपर्यंत

पाळकीय समुपदेशन, म्हणजे ख्रिस्ती पाळकाने दुःखातल्या माणसाचं ऐकून त्याला आधार देणं, शिकायला निघालेले बहुतेक जण मनात एकच प्रश्न घेऊन येतात : दुःखात असलेल्या माणसाला काय सांगायचं, ते शिकवतात का? मीही तोच घेऊन गेले होते. तीन वर्षांनी बाहेर पडले तेव्हा पदरात पडलेलं शिक्षण वेगळंच होतं. समोरचा माणूस बोलत असताना माझ्या आत काय चाललंय, हे ओळखायला मी शिकले होते. काय सांगायचं, ते त्यानंतर येतं आणि बरेचदा त्याची गरजच उरत नाही.

हे शिक्षण धर्मशास्त्राच्या छोट्या कॉलेजात, पंधरा-वीस जणांच्या वर्गात लवकर होतं, असं माझं ठाम मत आहे. तिथे लपायला जागा नसते. शेवटच्या बाकावर बसून तीन वर्षं काढता येत नाहीत. सकाळी जिच्याशी वाजलं, तिच्याच शेजारी संध्याकाळी प्रार्थनेला बसावं लागतं. छोट्या कॉलेजाची ताकद यातच आहे आणि त्याचा जाचही यातच आहे. दोन्हींची तयारी ठेवून कसं जावं, शिकताना काय करावं आणि बाहेर पडताना काय हातात असावं, ते क्रमाने सांगते.

अर्ज भरण्याआधी

आधी दोन पानं लिहून काढा. अर्जातल्या ‘आपले पाचारण (देवाने या सेवेला बोलावल्याची जाणीव) सांगा’ या रकान्यासाठी नाही, स्वतःसाठी. आजवर कोण कोण तुमच्यापाशी मन मोकळं करायला आलं? कोणाचं ऐकताना तुम्ही थांबू शकलात, आणि कोणाचं ऐकताना तिथून उठून जावंसं वाटलं? तुमच्या घरातलं कुठलं दुखणं अजून ओलं आहे? शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. स्वतःची जखम भरून निघेल या आशेने या अभ्यासाकडे येणारे पुष्कळ असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ती जखम कुठे आहे हे माहीत असायला हवं. नाहीतर प्रत्येक रुग्णात आपले वडील दिसू लागतात.

अ‍ॅन्टन बॉयसन या अमेरिकन पाळकाचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. 1920मध्ये त्यांना तीव्र मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. बरे झाल्यावर ते तिकडे पाठ फिरवून गेले नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लन, म्हणजे संस्थेत नेमलेला पाळक, म्हणून रुजू झाले, आणि 1925च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी तिथे प्रशिक्षण सुरू केलं. ग्रंथ वाचतो तसंच माणसांनाही वाचलं पाहिजे, माणूस हा जिवंत दस्तऐवज आहे, हा त्यांचा आग्रह होता. आज जगभर ‘क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन’ नावाने जे प्रशिक्षण चालतं, त्याची सुरुवात तिथली. खुद्द आजारातून गेलेल्या माणसाने ही वाट पाडली. मात्र आधी स्वतःच्या आजाराकडे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं, मग शिकवायला घेतलं. तुमचा शोक अगदी ताजा असेल, मृत्यू, घटस्फोट किंवा मोठा आजार वर्षभरातला असेल, तर अर्ज करण्याआधी स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे जाऊन या. खुर्चीच्या त्या बाजूला बसल्याशिवाय या बाजूला बसण्याचं वजन कळत नाही.

दुसरी गोष्ट, पुढे नेमकं काय करायचंय ते ठरवा. तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका. पहिली, मंडळीचा, म्हणजे एखाद्या चर्चच्या समुदायाचा, पाळक होणं. इथे समुपदेशन हा संदेश, उपासना, भेटीगाठी, लग्नं आणि अंत्यविधी यांच्यासोबत चालणारा कामाचा एक भाग असतो. दुसरी, चॅप्लन म्हणून रुग्णालयात, तुरुंगात, सैन्यात किंवा महाविद्यालयात काम करणं. इथे तुम्हाला वेगवेगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी माणसं भेटतात. तिसरी, व्यावसायिक समुपदेशक होणं. तिसरी वाट हवी असेल तर सेवाकार्याची पदवी सहसा पुरत नाही; बहुतेक देशांत त्यासाठी मानसशास्त्रातलं किंवा समुपदेशनातलं वेगळं शिक्षण आणि नोंदणी लागते. ‘समुपदेशन’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या नावात आहे एवढ्यावर विसंबून वर्षं घालवलेले लोक मी पाहिले आहेत. प्रवेशाआधी कॉलेजला लेखी विचारा : या पदवीवर मला कायद्याने काय करता येईल, आणि काय नाही?

कॉलेज पारखताना

मान्यता कोणाची आहे ते सर्वांत आधी पाहा. उत्तर अमेरिकेत असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, आशियात एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन अशा संस्था धर्मशास्त्राच्या कॉलेजांची तपासणी करतात. कॉलेजच्या शब्दावर न जाता त्या संस्थेच्या यादीत नाव शोधा. तुमची मंडळी किंवा धर्मप्रांत त्या पदवीवर पाळक म्हणून दीक्षा देतो का, हेही तिथल्या जबाबदार माणसाला विचारून घ्या.

मग खरा प्रश्न विचारा : विद्यार्थ्याचं प्रत्यक्ष काम कोण पाहतं? माहितीपत्रकात ‘फील्ड वर्क’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ कुठे रविवारी मुलांचा वर्ग घेणं एवढाच निघतो, तर कुठे आठवड्याला ठरलेले तास वॉर्डात जाणं आणि त्यावर सुपरव्हायझरसोबत बसणं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुलनेसाठी एक माप सांगते. अमेरिकेतल्या क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचं एक युनिट किमान 400 तासांचं असतं आणि त्यातले निदान 100 तास गटात आणि एकेकट्याने होणाऱ्या मार्गदर्शनाचे असतात. म्हणजे चार तासांतला एक तास, केलेल्या कामाकडे वळून पाहण्यासाठी. छोट्या कॉलेजकडून 400 तासांची अपेक्षा धरू नका, पण हे प्रमाण मात्र जरूर विचारा. मार्गदर्शनाशिवाय केलेलं काम माणसाला त्याच त्या चुकांमध्ये पक्कं करतं.

जमलं तर दोन दिवस तिथे राहून या. एका तासाला बसा, चॅपलला जा, विद्यार्थ्यांच्या टेबलावर जेवा. शिकवणाऱ्याला वर्गात कोणी उलट प्रश्न विचारला तर काय होतं, ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचारा, ‘इथे एखाद्या शिक्षकाबद्दल तक्रार असली तर कुठे जायचं?’ उत्तरादाखल एखादी ठरलेली पद्धत सांगता आली, तर ते कॉलेज सुरक्षित समजा. ‘आमच्यात तशी वेळच येत नाही’ असं उत्तर आलं, तर परत एकदा विचार करा.

ग्रंथालय छोटं असणारच. तेवढ्यावरून कॉलेज नाकारू नका. दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तकं मागवायची सोय आहे का, एवढं पाहा. एकच शिक्षक चार विषय शिकवतात, याचीही फार चिंता नको. पण समुपदेशन शिकवणारी व्यक्ती स्वतः आज कोणाला भेटते, कुठल्या वॉर्डात जाते, हे विचारा. वीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावर शिकवणाऱ्याचे किस्से गोड असतात, पण जुने झालेले असतात.

पहिलं वर्ष : वाचन कसं करावं

पहिल्या वर्षी पवित्र शास्त्र (बायबल), मंडळीचा इतिहास, भाषा आणि धर्मसिद्धान्त यांचं इतकं ओझं असतं की समुपदेशन बाजूला पडतं. ते पडू द्यायचं नसेल तर एक करा : प्रत्येक विषयात एकाच प्रश्नावर स्वतंत्र वही ठेवा. दुःखात असलेल्या माणसाजवळ इथे कोण, कसं बसलं?

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं बरोबर होतं. ते तोंड उघडतात, स्पष्टीकरणं देऊ लागतात, तिथे बिघडतं. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. संवाद त्यानंतर, पुष्कळ चालून गेल्यावर, डोंगरावर झाला. स्तोत्रसंहितेतली विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, पण 88वं वळत नाही. ते अंधारातच संपतं आणि तरी शास्त्रात आहे. माझ्यासाठी हा एक शोध पुऱ्या सत्राइतका मोलाचा ठरला. शेवट गोड न करताही प्रार्थना पूर्ण होऊ शकते, हे मला त्या स्तोत्राने शिकवलं.

परंपरेकडेही असंच पाहा. इ.स. 590च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी पाळकांसाठी लिहिताना बजावलं होतं की सगळ्यांना एकच औषध चालत नाही : आनंदी माणसाशी एका रीतीने बोलावं आणि खिन्न माणसाशी दुसऱ्या, अबोल माणसाशी एका आणि बडबड्याशी दुसऱ्या. विसाव्या शतकात अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ स्यूअर्ड हिल्टनर यांनी पाळकाच्या कामाचे तीन धागे सांगितले, बरं करणं, आधार देणं आणि वाट दाखवणं. 1964मध्ये विल्यम क्लेब्श आणि चार्ल्स जेकल यांनी त्यांत चौथा जोडला, समेट घडवणं. हे चार शब्द तोंडपाठ करा. प्रत्येक भेटीनंतर स्वतःला विचारा, आज यांतलं कुठलं हवं होतं आणि मी कुठलं करत बसले? ज्याला आधार हवा असतो त्याला आपण हटकून वाट दाखवत असतो.

मानसशास्त्राची भीती बाळगू नका. कार्ल रॉजर्स मानसशास्त्राकडे वळण्याआधी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरी या धर्मशास्त्राच्या कॉलेजात दोन वर्षं शिकत होते. समोरच्याला विनाशर्त स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः मुखवटा न घालणं, हा त्यांचा आग्रह आज बहुतेक पाळकीय समुपदेशनाच्या वर्गांतून शिकवला जातो. दुसऱ्या बाजूला, 1970पासून अमेरिकन पाळक जे अ‍ॅडम्स यांच्या मागे गेलेला एक मोठा प्रवाह म्हणतो की मानसशास्त्राची उसनवारी नको, समुपदेशन शास्त्राच्याच आधारे व्हावं. छोटी कॉलेजं बहुधा यांतल्या एका बाजूची असतात. तुमचं कॉलेज कुठल्या बाजूचं आहे ते पहिल्याच महिन्यात ओळखा आणि दुसऱ्या बाजूचं किमान एक पुस्तक स्वतःहून वाचा. माझा कल पहिल्या बाजूला आहे, हे लपवत नाही. नैराश्य हा आजारही असू शकतो आणि आजारी माणसाला फक्त पश्चात्तापाचं आवाहन करणं क्रूर होऊ शकतं. पण माणूस स्वतःच्या चुकीबद्दल बोलू पाहतो तेव्हा त्याला घाईघाईने ‘तुमचा दोष नाही’ म्हणणं हेही त्याला टाळणंच आहे, हे मला दुसऱ्या बाजूच्या वाचनातून कळलं.

एक चूक पहिल्याच वर्षी टाळा. शिकागोतल्या धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी 1965मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्याकडे अभ्यासासाठी मदत मागितली आणि त्यातून मरणासन्न रुग्णांशी संवाद सुरू झाले. 1969मध्ये क्युब्लर-रॉस यांनी मांडलेल्या पाच अवस्था (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) तुम्हाला शिकवल्या जातील. त्या मुळात मृत्यूला सामोरे जाणाऱ्यांच्या मुलाखतींतून आल्या आहेत. शोक करणाऱ्या नातेवाइकाने पायऱ्या चढल्यासारखं त्यांतून एकेक करून जावं, अशी अपेक्षा धरू नका. ‘तुम्ही अजून रागाच्या अवस्थेत आहात’ असं वाक्य कुणाच्याही तोंडावर कधीही म्हणू नका.

व्हर्बेटिम : या शिक्षणाचा गाभा

व्हर्बेटिम म्हणजे एका भेटीतला संवाद आठवून शब्दशः लिहून काढणं, आणि मग सुपरव्हायझर व सोबतचे विद्यार्थी यांच्यासमोर तो ठेवणं. ऐकायला साधं वाटतं. माझ्या वर्गातला एकही जण पहिल्या व्हर्बेटिमनंतर कोरड्या डोळ्यांनी बाहेर आला नव्हता.

माझा पहिला असा होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एका बाईंना भेटले होते. त्या चादरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

बाई : उद्या सकाळी लवकर नेणार म्हणाले.
मी : हो का? डॉक्टर चांगले आहेत इथले.
बाई : आहेत. रात्री झोप नाही येत पण.
मी : काळजी करू नका. सगळं देवाच्या हातात आहे.
बाई : हो. बहिणीच्या वेळीही सगळे असंच म्हणाले होते.
मी : आपण प्रार्थना करू या का?

मी हा कागद अभिमानाने वाचून दाखवला. प्रार्थना झाली होती, बाईंनी ‘आमेन’ म्हटलं होतं. माझे सुपरव्हायझर सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘बहिणीचं काय झालं?’

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

‘मग प्रार्थना कोणाला हवी होती?’

तेव्हा कळलं. बाईंनी दार उघडलं होतं आणि मी ते प्रार्थनेने लोटून घेतलं होतं, कारण दारापलीकडे एक मृत्यू होता आणि मला त्याची भीती वाटली होती. माझी आजी गेली तेव्हा मला घरच्यांनी त्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं, हे मला त्या वर्गात, सगळ्यांसमोर, कितीतरी वर्षांनी आठवलं. चार दिवसांनी मी पुन्हा वॉर्डात गेले. ‘त्या दिवशी तुम्ही बहिणीबद्दल काहीतरी म्हणालात आणि मी पुढे विचारलं नाही,’ एवढंच म्हटलं. बाई पाऊण तास बोलल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘आता कर प्रार्थना. माझ्यासाठी नको, बहिणीच्या मुलासाठी कर.’

व्हर्बेटिम लिहायची रीत अशी. भेटीत वही काढू नका, रेकॉर्डिंग तर मुळीच नको. बाहेर पडल्याबरोबर कुठेतरी बसून फक्त महत्त्वाचे शब्द टिपा, आणि झोपण्याआधी पूर्ण लिहा; दुसऱ्या दिवशी मन तुमच्या बाजूने दुरुस्त्या करू लागतं. नाव, वय, गाव, आजार, ओळख देणारं सगळं बदला. कागदाचे दोन भाग करा : डावीकडे झालेले शब्द, क्रमांक घालून, शांततासुद्धा (‘साधारण दहा सेकंद कोणीच बोललं नाही’), उजवीकडे त्या क्षणी तुम्हाला आत काय झालं, घशात आवंढा, घड्याळाकडे गेलेली नजर, आलेला राग. मग खाली तीन परिच्छेद लिहा. या माणसाला काय हवं होतं असं आता वाटतं? मी कुठे पळाले? या भेटीत देवाबद्दलचा कुठला प्रश्न, न बोललेला का असेना, हजर होता? शेवटच्या प्रश्नाला तयार उत्तर लिहू नका. बाईंचा न बोललेला प्रश्न ‘मागच्या वेळी देवाने ऐकलं नाही, आता का ऐकेल?’ असा होता, आणि त्याला उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आपली सर्वांत वाईट भेट वर्गात आणा. चांगल्या भेटीचं व्हर्बेटिम वाचून कोणी काही शिकत नाही. आणि दुसऱ्याचं ऐकताना ‘मी असते तर’ हे तीन शब्द टाळा. ‘पाचव्या वाक्याला तुझा आवाज बदलला, तिथे काय झालं?’ असं विचारा.

ऐकण्याचा सराव रोजच्या आयुष्यातही करता येतो. दिवसातून एका संवादात फक्त दोन गोष्टींची मुभा स्वतःला द्या : समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगणं, आणि ‘अजून सांग’ म्हणणं. सल्ला नाही, स्वतःचा अनुभव नाही, वचन नाही. पहिल्या आठवड्यात जीव गुदमरतो. तिसऱ्या आठवड्यात लोक तुमच्याशी जास्त वेळ बोलायला लागल्याचं लक्षात येतं.

जिथे थांबायचं, ते आधी शिका

कॉलेज शिकवो न शिकवो, या गोष्टी वॉर्डात किंवा मंडळीत पाऊल टाकण्याआधी पक्क्या करा.

गोपनीयतेचं वचन देताना त्याची मर्यादाही तेव्हाच सांगा. ‘तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाला इजा होत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल आणि ते मी तुम्हाला सांगून करीन.’ हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, सहज येईपर्यंत. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचा शिक्का, म्हणजे त्यात ऐकलेलं कोणालाही न सांगण्याचं बंधन, धर्मगुरूला कुठल्याही कारणाने मोडता येत नाही. समुपदेशनातलं बोलणं आणि पापनिवेदन या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कुठलं काय चाललंय हे दोघांनाही स्पष्ट असू द्या. तुमच्या इथला कायदा काय कळवायला लावतो, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

आत्महत्येचा विचार मनात असल्याची शंका आली तर सरळ विचारा : ‘जीव द्यावा असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारल्याने बरेचदा सुटल्यासारखं वाटतं. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, हाताशी साधन आहे का विचारा, ते दूर करवा आणि डॉक्टर किंवा तातडीच्या सेवेशी तिथल्या तिथे जोडून द्या. ‘हे पाप आहे’ हे वाक्य तेव्हा गिळा. इंग्लंडमधल्या चॅड वारा या पाळकांनी 1935मध्ये पहिला अंत्यविधी केला, तो आत्महत्या केलेल्या एका किशोरवयीन मुलीचा. मासिक पाळी सुरू झाली ती गुप्तरोगच समजून ती घाबरली होती. विचारायला कोणी नव्हतं. 1953मध्ये वारांनी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये टेलिफोनवरून ऐकून घेणारी सेवा सुरू केली, तीच पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था झाली. त्यांच्याकडे येणाऱ्यांना बाहेर थांबावं लागे, तिथे साधे स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत बसत. हळूहळू वारांच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांना त्या बोलण्यानेच पुरेसा आधार मिळतोय आणि आत यायची गरज उरत नाही.

घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घडवायला जाऊ नका. मघाचे चार धागे आठवा : इथे समेटाची घाई जिवावर बेतू शकते. मार खाणारी व्यक्ती नवऱ्यासमोर खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. तिला एकटीला भेटा, तिच्यावर विश्वास ठेवा, सुरक्षित जागेची माहिती हाती द्या. क्षमेचा विषय तुम्ही काढू नका.

पहिल्या सत्रातच मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती केंद्र, कायदेशीर मदत आणि संकटकाळची हेल्पलाइन यांची यादी करा आणि त्यांतल्या निदान दोघांना प्रत्यक्ष भेटून या. माणूस पाठवायचा तर कुठे आणि कोणाकडे, हे डोळ्यांसमोर असलं की पाठवताना जीभ अडखळत नाही. पाठवल्यावर भेटायचं थांबवू नका. नाहीतर त्याला वाटतं की पाळकाने हात झटकले.

छोट्या जागेत एकत्र राहणं

जे शिक्षक तुम्हाला गुण देतात, तेच तुमच्या चॅपलचे पाळक असतात आणि कधी कधी वसतिगृहाचे प्रमुखही. मन मोकळं करायचं झालं की त्यांच्याचकडे पाय वळतात. थांबा. ज्याच्या हातात तुमचा निकाल आहे त्याच्याशी व्हर्बेटिमवर बोला, पण स्वतःच्या खाजगी गोष्टींसाठी कॉलेजबाहेरचा माणूस शोधा. हे अविश्वासापोटी सांगत नाही. ती दोन नाती वेगळी राहिली तर दोन्ही सच्ची राहतात.

दुसरं दुखणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे : ‘प्रार्थनेसाठी सांगते हं.’ या वाक्यामागून किती जणांची गुपितं कॅम्पसभर फिरली असतील! माझंही एक फिरलं होतं. ते ज्या मैत्रिणीने सांगितलं तिचा हेतू खरोखर प्रार्थनेचाच होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. आमच्या गटाने मग एक नियम केला : कोणासाठीही प्रार्थना मागताना त्या माणसाने जेवढे शब्द वापरायला परवानगी दिली तेवढेच शब्द. परवानगी घेतली नसेल तर फक्त नाव, आणि तेही शंकास्पद असेल तर ‘एका भावासाठी’. देवाला तपशील माहीत आहेत. हा नियम पुढे मंडळीत मला जितका उपयोगी पडला, तितका क्वचितच एखादा तास पडला असेल.

आठवड्यातला एक दिवस अभ्यास आणि सेवा दोन्हींपासून रिकामा ठेवा आणि तो आधीच जाहीर करा. छोट्या कॉलेजात प्रत्येक कार्यक्रमाला तेच पंधरा जण लागतात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड असतं. तरी म्हणा.

शेवटचं वर्ष आणि पहिली नेमणूक

शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडताना तुमच्या व्हर्बेटिमची फाइल उघडा. जी गोष्ट पुन्हा पुन्हा चुकली आहे, तीच घ्या. मी मरणासन्न माणसाजवळच्या शांततेवर लिहिलं, आणि का ते आता तुम्हाला माहीत आहे. चॅप्लन व्हायचं असेल तर कॉलेजनंतरचं प्रशिक्षण कुठे आणि किती लागेल ते याच वर्षी शोधा; अमेरिकेत पूर्ण प्रमाणपत्रासाठी साधारणपणे चार युनिट म्हणजे 1,600 तास लागतात.

फाइलमधले कागद कॉलेज सोडताना फाडून नष्ट करा. तुमच्या शिकण्याचं सार वेगळ्या वहीत उतरवा, माणसांच्या गोष्टी मात्र तिथेच संपू द्या.

नवीन मंडळीत गेल्यावर पहिले तीन महिने काही बदलू नका. घरोघरी जा, एकाच प्रश्नासह : ‘या मंडळीने सोसलेला सर्वांत कठीण काळ कुठला?’ वेगवेगळी उत्तरं येतील आणि त्यांतला फरकच तुम्हाला सांगेल की कोण कोणाशी का बोलत नाही. समुपदेशनाला बसायची जागा ठरवा. दाराला काच असलेली खोली, बाहेर कोणीतरी वावरत असेल अशी वेळ. एका माणसाला ठरावीक भेटींपलीकडे स्वतःकडे बांधून ठेवू नका. पाच-सहा भेटींनंतरही गाठ सुटत नसेल तर ती तज्ज्ञाकडे न्यायची गाठ आहे.

आणि कॉलेज सोडण्याआधी, सामान बांधायच्या आधी, एक काम उरकून टाका. तुमच्या सुपरव्हायझरकडे किंवा एखाद्या अनुभवी पाळकाकडे जा, पुढच्या वर्षभरासाठी महिन्यातला एक दिवस मागून घ्या आणि बाराही तारखा दोघांच्या डायरीत तिथेच लिहा. पहिल्या तारखेला जाताना एक ताजं व्हर्बेटिम घेऊन जा.